गुळवेल लिव्हरला चांगली का वाईट? वनौषधीवरचं संशोधन स्वतः शोधून वाचायची पद्धत

1993 मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधून एक पेपर आला. पित्ताचा मार्ग अडकून कावीळ झालेल्या पेशंटना ऑपरेशनआधी नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत गुळवेल दिली तर इन्फेक्शन कमी होतं आणि जास्त पेशंट वाचतात, असं त्यात होतं. 2021 मध्ये मुंबईतूनच दुसरा पेपर आला, लिव्हरच्या डॉक्टरांचा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाली, असं त्यात होतं.

म्हणजे शहर तेच, वेल तीच, अवयव पण तोच. एक पेपर म्हणतो तारते, दुसरा म्हणतो मारते. आणि दोन्ही खरे आहेत बरं का, कुणीच खोटं बोलत नाहीये. व्हॉट्सॲपवर मात्र काकांचा ग्रुप पहिला पेपर फिरवतो, मुलांचा ग्रुप दुसरा फिरवतो, आणि दोन्हीकडे तो उघडून वाचलेला माणूस सापडत नाही.

मी फार्मसीवाली, त्यामुळे नात्यात कुणी नवीन काढा सुरू केला की "जरा बघून सांग ना" असा फोन येतोच. बघायचं म्हणजे नक्की काय करायचं ते इथे एकदाच सगळं लिहून ठेवते. उदाहरण गुळवेलीचंच घेते, पण पद्धत अश्वगंधा, शेवगा, कारलं, हळद, सदाफुली कशालाही चालेल. डॉक्टर व्हायची गरज नाही, पण एखादी संध्याकाळ आणि थोडं इंग्रजी लागेल, कारण बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे. त्याला इलाज नाही.

पहिलं काम: प्रश्न बारीक करा

"गुळवेल चांगली असते का?" याचं उत्तर कुठल्याच पेपरमध्ये नाही, कारण हा प्रश्नच नाही. "इम्युनिटी वाढते का?" हाही नाही, कारण इम्युनिटी मोजायचं एकच मीटर असं काही नसतं. वही घ्या आणि एक पूर्ण वाक्य लिहा, ज्यात कुठली वनस्पती, तिचा कुठला भाग, कुठल्या रूपात, किती, किती दिवस, कुणाला आणि काय सुधारायला पाहिजे हे सगळं येईल. उदाहरणार्थ: "टाइप 2 डायबेटिस असलेल्या आणि मेटफॉर्मिन चालू असलेल्या 55 वर्षांच्या बाईने गुळवेलीच्या खोडाचा काढा रोज एक कप तीन महिने घेतला तर तिचं एचबीएवनसी (म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) कमी होईल का, आणि तिला काही त्रास होईल का?"

लांबलचक वाटतं, पण याने निम्मं काम होतं. कारण दुकानात गुळवेल म्हणून काय काय मिळतं बघा. ओलं खोड मिळतं, वाळलेली भरड मिळते, चूर्ण मिळतं, घनवटी मिळते म्हणजे काढा आटवून घट्ट करून केलेली गोळी, आणि सत्त्व मिळतं. यातलं सत्त्व करायची पद्धत अशी की ओलं खोड कुटून पाण्यात भिजवायचं, चोळायचं, गाळायचं, तळाशी जो पांढरा साका बसतो तो धुऊन वाळवायचा. हा साका मुख्यतः स्टार्च असतो. वेलीतली पाण्यात विरघळणारी कडू द्रव्यं बरीचशी वर ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात. म्हणजे घनवटी आणि सत्त्व या केमिस्ट्रीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. पेपर अर्कावरचा आणि घरात डबी सत्त्वाची असेल तर तो पेपर तुमच्या कामाचाच नाही, कितीही भारी जर्नलमधला असला तरी.

शेवटचं म्हणजे, हे चालू औषधाच्या जोडीला घ्यायचंय की त्याच्या जागी? हे पण त्याच वाक्यात लिहा. बहुतेक चांगल्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांमध्ये, वनस्पती जोडीला दिलेली असते आणि बहुतेक फॉरवर्ड जागी घ्यायला सांगतात.

दुसरं: शास्त्रीय नाव

बोलीभाषेतल्या नावाने शोधायला गेलात तर फसाल. ब्राह्मी म्हणजे कुणाला बकोपा मोनिएरी वाटते, कुणाला सेंटेला एशियाटिका, जिला आपण मंडूकपर्णी म्हणतो. शंखपुष्पी नावाने तर निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यातली एक चक्क गोकर्ण.

गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. इंग्रजी स्पेलिंग विकिपीडियावरून कॉपी करून वहीच्या पहिल्या पानावर ठेवा, आणि गुडुची, गिलोय, अमृता ही बाकीची नावं पण लिहून ठेवा, कारण जुन्या पेपरमध्ये ती येतात. हिची एक भावकीतली वेल आहे टिनोस्पोरा क्रिस्पा. पानं बऱ्यापैकी सारखी दिसतात, पण क्रिस्पाच्या खोडावर ठळक फोडांसारखे उंचवटे असतात. क्रिस्पाने लिव्हरला त्रास झाल्याचे रिपोर्ट आधीपासून आहेत. 2021 च्या मुंबईच्या पेपरनंतर आयुष मंत्रालयाने हाच मुद्दा काढला होता, की वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही, दुसरी वेल असू शकते. मुद्दा मांडणं रास्तच होतं. वनौषधीवरचा कुठलाही पेपर वाचताना, तो बाजूने असो की विरोधात, पहिलं हेच बघायचं की वनस्पती कुणी ओळखली, तिचा नमुना कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवलाय का, अर्कात काय किती आहे ते मोजलंय का. "स्थानिक बाजारातून आणली" एवढंच लिहिलं असेल तर वहीत त्या पेपरसमोर मोठं प्रश्नचिन्ह काढा.

तिसरं: शोधायचं कुठे

सुरुवात पबमेडपासून करा. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साइट आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. शास्त्रीय नाव दुहेरी अवतरणचिन्हात टाका, नाहीतर दोन शब्द सुटे धरून भलतंच येतं. शेकडो रिझल्ट येतील, घाबरू नका. डाव्या बाजूला आर्टिकल टाइपचं फिल्टर असतं, तिथे आधी सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (झालेल्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा), मग रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी) टिक करा. शेकड्यांचे एकदम मोजके होतात, आणि हे आकुंचन बघण्यासारखं असतं, एखाद्या वनस्पतीबद्दल माणसांवर नक्की किती काम झालंय ते तिथेच कळतं. मग फिल्टर काढून त्याच नावापुढे कॅपिटलमध्ये अँड लिहून आजाराचं इंग्रजी नाव टाका.

आणि मग तिसरा सर्च, जो लोक करतच नाहीत: नाव, अँड, आणि टॉक्सिसिटी, लिव्हर इंज्युरी, ॲडव्हर्स, इंटरॅक्शन असे शब्द एकेक करून. फायद्याचा सर्च आणि तोट्याचा सर्च वेगळे करायचे, कारण फायदा शोधणाऱ्या पेपरमध्ये तोटा बऱ्याचदा शेवटच्या एका ओळीत "औषध सुरक्षित आढळले" एवढाच असतो.

पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर उजवीकडे फ्री फुल टेक्स्टचं बटण आहे का बघा, नसेल तर गुगल स्कॉलरवर शीर्षक टाकून "ऑल व्हर्जन्स" दाबा, बऱ्याचदा कुठेतरी पीडीएफ पडलेली असते. तरी नाही मिळाली तर पेपरवर लेखकाचा इमेल असतो, सरळ दोन ओळी लिहा. बरेच संशोधक आनंदाने पाठवतात, त्यांना काही त्या विक्रीतून पैसे मिळत नाहीत. घरात कुणी सरकारी कॉलेजात शिकत असेल तर 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन मधून बरीच मोठी जर्नल उघडतात, त्यांना कामाला लावा.

पबमेडमध्ये आयुर्वेदाची सगळी भारतीय जर्नल नाहीत, म्हणून आयुष रिसर्च पोर्टलवरही एक चक्कर मारा. लिव्हरसाठी लिव्हरटॉक्स नावाची अमेरिकन सरकारी साइट आहे, त्यात औषधांबरोबर हळद, अश्वगंधा यांच्यावरही वेगळी पानं आहेत आणि ए ते ई अशी श्रेणी दिलेली असते, ए म्हणजे लिव्हरला इजा करतं हे पक्कं माहीत असलेलं, ई म्हणजे तशी शक्यता जवळपास नसलेलं.

यानंतर सीटीआरआय, म्हणजे आपली क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री. 2007 मध्ये सुरू झाली. ट्रायल सुरू करायच्या आधी किती पेशंट घेणार आणि मुख्य काय मोजणार हे इथे लिहून द्यावं लागतं. तुमच्या वनस्पतीचं नाव टाका आणि किती ट्रायल नोंदल्या गेल्या ते बघा, मग त्यातल्या कितींचे पेपर आले ते बघा. पाच वर्षांपूर्वी पूर्ण झालेली ट्रायल आणि पेपरचा पत्ता नाही, तर रिझल्ट बहुतेक मनासारखा आला नसणार. पेपर आला असेल तर रजिस्ट्रीत लिहिलेला मुख्य आउटकम आणि पेपरमधला मुख्य आउटकम एकच आहे का तेही ताडून बघा. आधी शुगर मोजू म्हणाले आणि नंतर "जीवनाचा दर्जा सुधारला" असं छापलं तर समजून जा.

चौथं: पेपर कुठल्या पायरीवरचा आहे

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. "कॅन्सरच्या पेशी मरतात" अशी हेडलाइन असते आणि आत उघडलं तर काचेच्या डिशमधल्या पेशी. डिशमध्ये पेशी मारणं अवघड नाही, मीठ जास्त झालं तरी मरतात. ते द्रव्य पोटातून रक्तात आणि रक्तातून तिथवर पोचायला पाहिजे, आणि पोचेपर्यंत बाकीच्या पेशी शाबूत राहायला पाहिजेत.

हळदीतल्या कर्क्युमिनचंच घ्या. हळदीत ते साधारण 3 टक्के, त्यातही पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. 1998 मध्ये बंगळुरूच्या लोकांनी दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य दिलं तर रक्तात पोचणारं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढतं. लोक हा आकडा ऐकून हळदीच्या दुधात मिरी घालायला लागले. पण मुळात जवळजवळ शून्य असलेल्या गोष्टीची ती वाढ आहे, आणि चमचाभर हळदीत 2 ग्रॅम कर्क्युमिन नसतंच मुळी, ते शंभरेक मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

पुढची पायरी उंदरांची. इथे एक छोटं गणित शिकून घ्या, फार उपयोगी आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 2005 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, दिलेला दर किलोचा डोस 6.2 ने भागला की माणसाचा अंदाजे दर किलोचा डोस येतो, लहान उंदराचा असेल तर 12.3 ने. समजा पेपरमध्ये रॅटला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क दिलाय. 400 भागिले 6.2 म्हणजे साधारण 64.5. आपल्या 60 किलोच्या माणसाला तो झाला 3.9 ग्रॅम अर्क रोज. आता अर्क आणि चूर्ण एक नव्हे. शंभर ग्रॅम वाळलेल्या खोडातून दहा ग्रॅम अर्क निघत असेल तर 3.9 ग्रॅम अर्कासाठी 39 ग्रॅम खोड लागेल, रोज. बाटलीवर 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा लिहिलंय. जुळतंय का? नाही जुळत. मग त्या पेपरच्या जोरावर ती बाटली विकणं ही निव्वळ दिशाभूल झाली. हे गणित ढोबळ आहे, माणसाचा डोस ठरवायला वापरायचं नाही, फक्त जाहिरात तपासायला वापरायचं.

डायबेटिसच्या प्राण्यांवरच्या पेपरमध्ये अजून एक गोम. त्यात अलोक्सान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन हे विष टोचून उंदराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारलेल्या असतात. तुमच्या मावशीचा टाइप 2 डायबेटिस तसा झालेला नाही. पेपरच्या मेथड्स या भागात हे शब्द दिसले तर तेवढं लक्षात ठेवा.

सदाफुलीची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे अजूनही कित्येक लोक शुगरसाठी सकाळी सदाफुलीची पानं चावतात. जमैकातही हाच समज होता, आणि 1952 मध्ये तिथून काही पानं कॅनडातल्या नोबल नावाच्या संशोधकांकडे पोचली. त्यांनी शुगरसाठी तपासलं, शुगरवर काही दिसलं नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड पडल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, पुढे अमेरिकेतल्या कंपनीच्या कामातून व्हिनक्रिस्टिन, आणि आज लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये ते वापरतात. आता याच्यावरून "सदाफुली खा, कॅन्सर होणार नाही" असा अर्थ काढणारे आहेतच. शेकडो किलो पानांतून ते औषध जेमतेम ग्रॅमभर निघतं, ते शिरेतूनच द्यावं लागतं आणि डोस थोडा चुकला तर मज्जातंतू खराब होतात. वनस्पतीतून औषध मिळणं वेगळं आणि वनस्पती हेच औषध असणं वेगळं. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडाचंही तेच, त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते 1966 मध्ये एका चिनी झाडातून शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध पण त्यांच्याच टीमचं. त्या कॅम्प्टोथेसिनमध्ये रासायनिक बदल करून पुढे इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कॅन्सरची औषधं झाली. नरक्याचा काढा कुणी पीत नाही, आणि पिऊही नये.

पाचवं: माणसांवरची ट्रायल वाचणं

आता केईएमचा पेपर उघडू. डॉ. शारदिनी डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी त्या काळात गुळवेलीवर बरंच काम केलं होतं, त्यातलाच हा. 30 पेशंट, सगळ्यांचा पित्तमार्ग अडकलेला. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गटांना व्हिटॅमिन के, अँटिबायोटिक आणि पित्त बाहेर काढायची नळी हे सगळं मिळालं, एका गटाला त्याबरोबर तोंडावाटे गुळवेल, किलोमागे रोज 16 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला तो साधारण 1 ग्रॅम होतो. गुळवेल न मिळालेल्या गटात 50 टक्के लोकांना सेप्टिसिमिया झाला, म्हणजे इन्फेक्शन रक्तात पसरलं, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. ऑपरेशननंतर जगलेल्यांचं प्रमाण 40 टक्के विरुद्ध 92.4 टक्के.

आकडे बघून अंगावर काटा येतो, पण वही काढा.

चांगलं काय? मोजलेली गोष्ट खरी आहे, जगला का नाही, इन्फेक्शन झालं का नाही, "बरं वाटतं" असलं काही नाही. गट रँडम पाडलेत. डोस स्पष्ट आहे. आणि अजून एक गोष्ट लोक चुकवतात: लिव्हरचं काम दोन्ही गटात सारखंच राहिलं होतं, फरक पडला तो पांढऱ्या पेशींच्या जंतू गिळायच्या आणि मारायच्या ताकदीत. म्हणजे "गुळवेल लिव्हर सुधारते" असं हा पेपर म्हणतच नाही. ती इम्यून सिस्टिमला चेतवते, असं म्हणतो.

कमी काय? फक्त 30 लोक. एवढ्या छोट्या गटात दोन-तीन पेशंट इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी उडी मारते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पेशंट कोण होते, हॉस्पिटलमध्ये भरती असलेले, नळी लावलेले, रोज तपासणी होणारे, मर्यादित काळ औषध घेणारे. तुम्ही आम्ही रोज सकाळी गच्चीवरच्या वेलीचा तुकडा उकळून सहा महिने पिणार, त्याच्याशी याचा संबंध जोडता येत नाही. पहिल्या पानावर लिहिलेलं वाक्य इथे समोर धरा आणि एकेक मुद्दा ताडा.

मग पुढचा प्रश्न, हाच रिझल्ट दुसऱ्या कुणी, दुसऱ्या हॉस्पिटलात, जास्त लोकांवर काढून दाखवलाय का? पेपरच्या पानावर "सायटेड बाय" असतं, तिथून पुढचे पेपर धरत जायचे. हे का करायचं ते गुग्गुळाने शिकवलं. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाचा धागा धरून 1966 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात थिसिस झाला, पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने गुग्गुलिपिड हे गुग्गुळाच्या अर्काचं औषध केलं, 1980 च्या दशकात ते कोलेस्टेरॉलसाठी भारतात बाजारात आलं, आपल्याकडच्या अभ्यासांत रिझल्ट चांगले होते. मग 2003 मध्ये अमेरिकेत 103 लोकांवर 8 आठवड्यांची प्लासिबोसकट ट्रायल झाली, प्लासिबो म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. खराब कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, प्लासिबोवाल्यांचं 5 टक्क्यांनी उतरलं आणि गुग्गुळवाल्यांचं 4 ते 5 टक्क्यांनी चढलं, वर काही जणांना अंगावर पुरळ. कदाचित खाणंपिणं वेगळं, लोक वेगळे, कारणं असतील. पण एका देशात एकदा चांगलं दिसलं म्हणून थांबायचं नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

उलटंही होतं हां. सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लडप्रेशरचे 50 पेशंट मांडले, जगाने मग तपासलं, 1952 मध्ये तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं निघालं, आणि बीपी खरंच उतरतं हे ठिकठिकाणी दिसलं. नंतर त्याचा डिप्रेशनचा साइड इफेक्टही दिसला आणि आज ते फारसं वापरत नाहीत, पण गुण होता तो होताच. म्हणून "आयुर्वेदातलं म्हणजे भंपक" म्हणून न वाचता फेकणाऱ्यांचंही मला पटत नाही.

सहावं: तोट्याचे पेपर वाचायची रीत वेगळी

2021 चा मुंबईचा पेपर ट्रायल नाही, केस सिरीज आहे, म्हणजे डॉक्टरांकडे आलेल्या पेशंटची एकत्र नोंद. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये आलेले सहा पेशंट. दुसरा कुठला व्हायरस नाही, दुसरं औषध नाही, हे सगळं एकेक करून वगळत डॉक्टर गुळवेलीपर्यंत आले. 2022 मध्ये देशभरातल्या 13 सेंटरचे मिळून 43 पेशंट छापून आले. त्यात निष्कर्ष असा की गुळवेलीशी संबंधित हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे लिव्हरच्या सुजेत, ऑटोइम्यून खुणा दिसतात, म्हणजे स्वतःचीच इम्यून सिस्टिम लिव्हरवर उठते, आणि ज्यांना आधीपासून लिव्हरचा छुपा आजार आहे त्यांच्यात तो उघडा पडू शकतो.

केस सिरीजवरून "किती टक्के लोकांना होतं" हे कळत नाही, कारण त्या वर्षी किती लाख लोकांनी गुळवेल घेतली हे कुणालाच माहीत नाही. धोका बहुतेकांसाठी लहानच असणार. पण "असं होऊ शकतं का" या प्रश्नाला केस सिरीज पुरते, त्याला ट्रायल लागत नाही. आणि "मग आमच्या आजी कशा घ्यायच्या" याला उत्तर असं की आजी आठ-पंधरा दिवस तापात घ्यायच्या, 2020 मध्ये लोक महिनोन्‌महिने धडधाकट असताना घेत होते.

आता दोन्ही पेपर शेजारी ठेवा. 1993 मध्ये जंतूंशी लढायला इम्यून सिस्टिम चेतवली ती कामाला आली. 2020 मध्ये लढायला जंतू नव्हते, पण चेतवणं तेच. डॉक्टरांचा कयास याच दिशेचा आहे, आणि मला तो पटतो. मग ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे, संधिवाताचा र्‍हुमॅटॉइड प्रकार, ल्युपस, ऑटोइम्यून थायरॉईड, किंवा ज्यांना किडनी बसवलीय आणि इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी गुळवेलीच्या वाटेला न गेलेलं बरं, हे सांगायला वेगळ्या ट्रायलची वाट बघायला नको. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर जास्त खाली जाण्याची शक्यता धरून चाला.

सातवं: जर्नल, पैसा आणि मागे घेतलेले पेपर

हे पटकन सांगते. पेपरच्या शेवटी फंडिंग (पैसे कुणी दिले) आणि कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट (लेखकांचे हितसंबंध) अशा ओळी असतात. अर्क बनवणाऱ्या कंपनीनेच पैसे दिले असतील तर पेपर लगेच खोटा ठरत नाही, पण दुसऱ्याने केलेला मिळेपर्यंत थांबा. पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणारी जर्नल भरपूर आहेत, पबमेडमध्ये नसलेलं आणि "इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑल सायन्सेस" छापाचं नाव दिसलं की सावध व्हा. पेपर मागे घेतला गेला असेल तर पबमेडवर वर ठळक सूचना असते, ती आधी बघा. कर्क्युमिनवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या संशोधकाचे दोन डझनहून जास्त पेपर असे मागे घेतले गेले, आणि त्यांचे दाखले देणारे लेख मात्र अजून फिरतायत.

आठवं: संशोधनातली वस्तू आणि तुमच्या हातातली बाटली

पेपर सगळा बरोबर निघाला, आता दुकानातली बाटली ती वस्तू आहे का? लेबलवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, शास्त्रीय नाव, वनस्पतीचा भाग, आणि अर्क का चूर्ण हे असायला पाहिजे. कंपनीला मेल करून त्या बॅचचं ॲनालिसिसचं सर्टिफिकेट मागा, त्यात शिसं, पारा, आर्सेनिक यांचे आकडे असतात. देणारे देतात, न देणाऱ्यांची बाटली ठेवून द्या. 2004 मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यातल्या 14 मध्ये यातले धातू सापडले. आणि लेबलवर किंवा जाहिरातीत डायबेटिस, कॅन्सर बरा करतो असं छापलेलं असेल तर तिथेच थांबा, 1954 च्या औषध आणि चमत्कारिक उपाय कायद्याने तशी जाहिरातच करता येत नाही, त्यामुळे कायदा मोडणारा माणूस आत काय भरतो त्याचा भरवसा नाही.

नववं: डॉक्टरांसमोर काय न्यायचं

वीस पेपरांचं बाड घेऊन जाऊ नका, ओपीडीत कुणाला वेळ नसतो. एका कागदावर तुमचं पहिलं वाक्य, मिळालेल्या सगळ्यात चांगल्या माणसांवरच्या ट्रायलच्या दोन ओळी, तोट्याच्या सगळ्यात गंभीर पेपरच्या दोन ओळी, चालू औषधांची यादी, आणि एक सरळ प्रश्न: "हे जोडीला घेतलं तर तुम्ही काय तपासाल आणि किती दिवसांनी?" बाटलीचा फोटो सोबत. ॲलोपॅथीवाले असोत की वैद्य, दोघांनाही दुसऱ्याचं काय चालू आहे ते सांगा, लपवून घेतलेलं औषध सगळ्यात जास्त गोंधळ करतं. चालू औषध स्वतःहून बंद करायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

डॉक्टर हो म्हणाले तर सुरू करायच्या आधी एकदा एलएफटी ही लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या, म्हणजे नंतर त्यातलं एसजीपीटी वाढलं तर आधी किती होतं ते माहीत असेल. तारीख लिहा, डोस लिहा, एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा. गुळवेल, अश्वगंधा आणि हळदीची कॅप्सूल एकदम सुरू केली आणि त्रास झाला तर कुणाला धरणार? लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक गेली, उजव्या कुशीत दुखतं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे, "शरीरातलं विष बाहेर पडतंय" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

आणि त्रास झालाच तर उरलेली बाटली किंवा वेलीचा तुकडा फेकू नका, तोच पुरावा असतो. पाकिटासकट, तारीख टाकून ठेवा आणि त्रास नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांसाठी भारत सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामची टोल फ्री लाइन आहे 1800-180-3024, पेशंट स्वतः फोन करू शकतो, डॉक्टरची सही लागत नाही. आयुर्वेदिक औषधांसाठी 2018 पासून वेगळी यंत्रणा पण आहे, जवळच्या सरकारी आयुर्वेद कॉलेजात त्याचं केंद्र आहे का ते विचारा. फोन करताना शास्त्रीय नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख आणि एलएफटीचे दोन्ही रिपोर्ट हाताशी ठेवा, तेवढंच विचारतात.